भार किती, यापेक्षा भार कुठे?

काही महिन्यांपूर्वी एका कामानिमित्त आम्ही वाळूजला गेलो होतो. परतताना संध्याकाळ झाली. औद्योगिक वसाहतीतील दिवसाची पाळी सुटली होती. नाक्यावर डबे हातात घेतलेल्या कामगारांची गर्दी होती आणि शहराकडे जाणाऱ्या रिक्षा एकामागून एक भरून निघत होत्या. आम्हांस जी रिक्षा मिळाली तिच्या मागच्या आसनावर आम्ही धरून तिघे बसलो. परवान्याच्या हिशेबाने रिक्षा तेथेच भरली होती. तरीही आणखी दोन तरुण आले आणि चालकाने त्यांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवून घेतले. पुढे एका वळणावर एक दुचाकी अचानक आडवी आली. चालकाने हँडल झटकन वळवले आणि मागचे एक चाक क्षणभर जमीन सोडून वर उचलले गेले. ते लगेच पुन्हा टेकले. कोणास काही झाले नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिक्षा पुढे चालू लागली.

उतरताना आम्ही चालकाला म्हणालो, “अहो, पुढे दोघांना बसवत जाऊ नका.” तो मोकळेपणाने हसला. “साहेब, गाडी दमदार आहे. माणसं पुढं बसली काय अन् मागं बसली काय, वजन तर तेवढंच ना?”

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण कारखान्यांत काम करतात, कितीजण रिक्षा चालवतात आणि आपली मुले रिक्षेतूनच शाळेत जातात. म्हणून त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर आज येथे सविस्तर मांडत आहोत. त्यासाठी शाळेत शिकलेला, पण परीक्षेनंतर आपण बहुतेकांनी विसरून टाकलेला एक नियम पुन्हा आठवावा लागेल. तो नियम तरफेचा आहे.

तरफेचा नियम

घराचे दार उघडताना आपण ते कडीजवळ ढकलतो. तेच दार बिजागरीपासून चार बोटांवर ढकलून पाहावे. दार तेच, हात तोच, पण जोर कितीतरी अधिक लावावा लागतो. याचा अर्थ असा की, एखादी वस्तू फिरवायची असेल तेव्हा जोर किती लावला एवढ्यावर भागत नाही. ज्या बिंदूभोवती ती वस्तू फिरते त्या बिंदूपासून किती अंतरावर जोर लावला, हेही तितकेच महत्त्वाचे असते. बल आणि अंतर यांचा गुणाकार केला म्हणजे फिरवण्याची जी शक्यता मिळते तिला पदार्थविज्ञानात आघूर्ण म्हणतात. कारखान्यांतील कामगार तिला टॉर्क या नावाने ओळखतात.

पहार हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. समजा, १८० किलोचा एक दगड उचलायचा आहे. दीड मीटर लांबीची पहार दगडाखाली सारली आणि दगडापासून १५ सेंटीमीटरवर एक लहान दगड टेकू म्हणून ठेवला. आता टेकूपासून हातापर्यंतचे अंतर १३५ सेंटीमीटर, म्हणजे दगडाच्या अंतराच्या नऊपट झाले. हातानी २० किलोइतका दाब दिला की दगड हलतो, कारण २० गुणिले १३५ आणि १८० गुणिले १५ हे दोन्ही गुणाकार सारखेच, म्हणजे २७०० आहेत. शालेय पुस्तकांत हेच सूत्र ‘बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा’ असे दिलेले असते. सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीत राहणाऱ्या आर्किमिडीजने हे प्रमाण भूमितीच्या आधारे सिद्ध केले. त्याचा मृत्यू इसवी सनापूर्वी २१२ मध्ये झाला, म्हणजे या नियमाची सिद्धता बावीसशे वर्षांहून जुनी आहे.

येथे कोणास असे वाटेल की, पहारीने शक्ती नव्याने निर्माण केली. तसे होत नाही. तो दगड दोन सेंटीमीटर वर यावा यासाठी हात अठरा सेंटीमीटर खाली न्यावा लागतो. जोर नऊपट वाचला, पण अंतर नऊपट मोजावे लागले. निसर्गाच्या वहीत जमा आणि खर्च नेहमी जुळतात.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंतर मोजताना ते बलाच्या दिशेशी काटकोनात मोजावे लागते. सायकलचे पायडल अगदी वरच्या टोकाला असताना ते सरळ खाली दाबले तर चाक फिरत नाही, कारण त्या क्षणी बलाची रेषा आसातूनच जाते आणि काटकोनातील अंतर शून्य होते. पायडल आडवे झाले की तोच पाय पूर्ण जोराने कामी येतो.

स्वयंपाकघरापासून पाणचक्कीपर्यंत

हा नियम आपल्या घरांत ठायी ठायी वावरत असतो. टेकू, भार आणि बल यांपैकी मध्ये काय आहे यावरून तरफेचे तीन प्रकार मानले जातात. कात्री, पक्कड आणि सांडशी यांत टेकू मध्ये असतो. हातपंपाचा दांडाही याच जातीचा. हाताकडचा भाग लांब ठेवल्यामुळेच खोल विंधनविहिरीतील पाणी दहा-बारा वर्षांचे मूलही वर काढू शकते. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये असते. सुपारी टेकूच्या जितकी जवळ सरकवावी तितकी ती सहज फुटते, हे आपल्या आजीला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. तिसऱ्या प्रकारात बल मध्ये येते, जसे चिमट्यात. तेथे जोर वाचत नाही, उलट अधिक लागतो. मात्र बोटांच्या थोड्या हालचालीने टोके अधिक हलतात आणि निखारा हातापासून दूर राहतो.

जात्याचा खुंटा मधल्या खिळीजवळ न बसवता कडेजवळ का बसवतात, याचेही उत्तर हेच. मध्याजवळ बसवला तर दळणाऱ्या बाईचे दंड भरून येतील. छत्रपती संभाजीनगर येथील प्रसिद्ध पाणचक्कीत बाईच्या हाताची जागा पाण्याने घेतली. दूरच्या डोंगरातून नहरीने आणलेले पाणी उंचीवरून चाकाच्या पात्यांवर सोडले जाई. पाणी आसापासून दूर, पात्यांवर आदळते म्हणूनच जड दगड फिरू शकतो. तेच पाणी थेट आसावर ओतले असते तर चाक ओले झाले असते, फिरले नसते.

पाना, नळी आणि तुटलेला बोल्ट

वाळूजला या नियमाची शाळाच भरते असे म्हणावयास हरकत नाही. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्याचे उद्घाटन नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून वाहने व त्यांचे सुटे भाग तयार करणारे लहानमोठे उद्योग या परिसरात वाढत गेले. मोटारसायकल असो वा तीनचाकी, तिच्यात शेकडो नट-बोल्ट असतात, आणि प्रत्येक नट नेमका किती आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो. तो आकडा न्यूटन-मीटर या एककात देतात, म्हणजे बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजून केलेला गुणाकार.

२० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलोच्या वजनाइतका जोर लावला, तर नटावर ५० न्यूटन-मीटर आघूर्ण पडते. नट हलत नाही असे दिसले की अनेकजण पान्यावर लोखंडी नळी चढवून त्याची लांबी ६० सेंटीमीटर करतात. हाताला तेवढाच जोर जाणवतो, पण नटावर आता १५० न्यूटन-मीटर पडू लागते. गंजलेला नट सोडवताना ही युक्ती उपयोगी पडते. नट आवळताना मात्र तीच घातक ठरते. बोल्टचे आटे जातात, किंवा बोल्ट आतून ताणला जाऊन पुढे कधीतरी धावत्या वाहनात तुटतो. आवळणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटत नाही, कारण त्याचा हात नेहमीइतकाच जोर लावत होता. म्हणूनच जुळणीच्या कामात टॉर्क रेंच वापरतात. ठरलेले आघूर्ण झाले की तो ‘टक्’ असा आवाज करतो आणि कामगाराने तेथे थांबावयाचे असते. रस्त्यावरील दुरुस्तीच्या दुकानात असे साधन नसेल तर निदान मूळ लांबीचाच पाना वापरावा. पान्याची लांबी कारागिराच्या हाताचा विचार करूनच ठरवलेली असते.

आपला कणा हीही एक तरफच

यंत्राचा बोल्ट तुटला तर नवा मिळतो. कण्याचे तसे नाही. गोदामात, बांधकामावर आणि कारखान्यांत ओझी उचलणारी कितीतरी माणसे चाळिशीच्या आतच कंबर धरून बसतात. ओझे फार जड असते म्हणूनच असे होते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

कमरेपाशी कण्याचे जे मणके आहेत त्यांना टेकू समजावे. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे, सरासरी पाच सेंटीमीटर अंतरावरून ओढ देतात. आता २० किलोची पेटी हात लांब करून, कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरली असे समजू. २० गुणिले ४० म्हणजे ८००. हा गुणाकार तोलण्यासाठी पाच सेंटीमीटरवरून काम करणाऱ्या स्नायूंना १६० किलोइतकी ओढ द्यावी लागते. पेटी वीस किलोची, पण पाठीला ती आठपट भासते. त्यात माणूस कमरेतून वाकलेला असेल तर त्याच्या स्वतःच्या धडाचा भारही पुढे जातो. धडाचे वजन ३० किलो आणि ते २० सेंटीमीटर पुढे गेले असे धरले तर आणखी १२० किलोची भर पडते. एकूण ओढ २८० किलोवर जाते.

तीच पेटी पोटाशी घट्ट धरली आणि अंतर २० सेंटीमीटरवर आणले तर पेटीमुळे पडणारी ओढ १६० वरून ८० किलोवर येते. गुडघ्यांत वाकून, पाठ शक्य तितकी सरळ ठेवून उचलले तर धडाच्या भारामुळे पडणारी ओढही बरीच उतरते. पेटीचे वजन एका ग्रॅमनेही कमी झालेले नसते. फक्त तिची जागा बदललेली असते. डोक्यावर हंडा घेणाऱ्या आपल्या आयाबहिणी चुंबळ ठेवून हंडा बरोबर कण्याच्या रेषेत आणतात, तो याच कारणासाठी. मानेवर दाब पडतोच, पण पाठीला पुढे खेचणारे आघूर्ण जवळजवळ नाहीसे होते. घागर एका कमरेवर घेतली की शरीर आपसूक दुसऱ्या बाजूला कलते, तेही तोल साधण्यासाठीच. म्हणून पाण्याच्या खेपा एकसारख्या एकाच कमरेवर घेऊ नयेत आणि शक्य असल्यास एका मोठ्या हंड्याऐवजी दोन हातांत दोन सारख्या बादल्या घ्याव्यात.

तराजूची दोन टोके

तराजू ही दोन्ही बाजू समान असलेली तरफ आहे. मधल्या टेकूपासून दोन्ही पारड्यांचे अंतर काटेकोरपणे सारखे असेल तरच तिचा निवाडा खरा. समजा, एका बाजूची दांडी २० सेंटीमीटर आणि दुसरी २१ सेंटीमीटर आहे. आखूड बाजूला एक किलोचे माप ठेवले तर लांब बाजूला अवघ्या ९५२ ग्रॅम मालाने काटा मध्यावर येतो. गिऱ्हाइकाचे ४८ ग्रॅम गेले, आणि माप मात्र सरकारी शिक्क्याचे, अगदी खरे! एक सेंटीमीटरचा हा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही.

अशी तराजू ओळखण्याची युक्ती सोपी आहे. माल आणि माप यांची पारडी अदलाबदल करावी. तराजू खरी असेल तर काटा पुन्हा मध्यावर येईल. खोटी असेल तर माल ठेवलेले पारडे वर जाईल, कारण आता माल आखूड बाजूला आला आहे. आज बाजारांत बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. त्यांना दोन भुजा नसल्या तरी रिकाम्या काट्यावर शून्य दिसते की नाही हे पाहण्याचा आपला हक्क कायम आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ नुसार व्यापारातील वजने-मापे तपासून त्यांवर शिक्का मारून घेणे बंधनकारक आहे.

बैलगाडी उलार का होते?

आता आपण त्या रिक्षेकडे वळू. पण वाटेत थोडा वेळ बैलगाडीपाशी थांबणे उपयोगाचे होईल, कारण आपल्या शेतकऱ्यांना हे शास्त्र फार पूर्वीपासून अवगत आहे.

दोन चाकांच्या गाडीचा टेकू म्हणजे तिचा आख. पुढे जू आणि मागे मोकळी बाजू. गाडीत एक टन ऊस भरला आणि त्या साऱ्या भाराचा मध्य आखाच्या १० सेंटीमीटर पुढे पडला असे समजू. आखापासून जू अडीच मीटरवर असेल तर बैलांच्या मानेवर ४० किलोचा दाब येईल. दोन बैलांना तो सहज पेलतो आणि गाडी स्थिर चालते. पण तोच ऊस थोडा पुढे सरकवून रचला आणि मध्य आखाच्या ३० सेंटीमीटर पुढे गेला, तर मानेवर १२० किलो येतात. ऊस तेवढाच, फक्त वीतभर पुढे सरकला, आणि मुक्या जनावरांच्या मानेवरील ओझे तिप्पट झाले. मध्य आखाच्या मागे गेला तर जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातील पट्टे आवळले जातात आणि चढावर गाडी मागे उलटण्याचे भय निर्माण होते. अशी गाडी उलार झाली असे आपण म्हणतो. कसबी गाडीवान गाडी भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहतो आणि चार मोळ्या पुढे-मागे करतो. तो शोधत असतो तो बिंदू म्हणजेच पदार्थविज्ञानातील गुरुत्वमध्य.

प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एकाच बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. या बिंदूपासून सरळ खाली ओळंबा सोडला आणि तो वस्तू ज्या पायावर उभी आहे त्या पायाच्या आत पडला, तर वस्तू उभी राहते. बाहेर पडला की ती कोसळते. पाया रुंद आणि गुरुत्वमध्य खाली असेल तितकी वस्तू स्थिर. पाया अरुंद आणि गुरुत्वमध्य उंच असेल तितकी ती डळमळीत.

तीन चाकांचा त्रिकोण

मोटारीचा पाया आयताकृती असतो. रिक्षेचा पाया त्रिकोणी असतो, कारण पुढे एकच चाक आहे. या त्रिकोणाची रुंदी मागच्या चाकांपाशी पूर्ण असते आणि पुढे जावे तशी ती कमी होत पुढच्या चाकापाशी शून्य होते. रिक्षेविषयीचे सारे गणित या एका आकृतीत सामावलेले आहे.

वळणावर काय घडते? टायर रस्त्याला धरून रिक्षेला वळवू पाहतात, पण वर बसलेली माणसे आणि रिक्षेचे धड सरळच जाऊ पाहते. त्यामुळे रिक्षेला वळणाच्या बाहेरील बाजूस उलटवू पाहणारे आघूर्ण तयार होते. गुरुत्वमध्य जितका उंच तितके ते मोठे. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते. वळण जितके आखूड तितके तेही वाढते. याच्या विरोधात रिक्षेचे वजन तिला जमिनीवर दाबून ठेवते. या बचावाची भुजा म्हणजे गुरुत्वमध्यापासून त्रिकोणाच्या बाजूपर्यंतचे अंतर.

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत दोन मीटर अंतर आहे आणि मागची दोन चाके १२० सेंटीमीटर दूर आहेत. मागे तिघे बसले असताना गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १३० सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंचीवर आहे. त्या जागी त्रिकोणाची अर्धी रुंदी ३९ सेंटीमीटर भरते. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर अशी रिक्षा ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाला चाक उचलू लागेल.

आता चालकाच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण बसले. गुरुत्वमध्य पुढे सरकला, समजा १२० सेंटीमीटरवर आला. तेथे अर्धी रुंदी ३६ सेंटीमीटरच आहे. तो थोडा वरही गेला, कारण माणसे रिक्षेच्या धडाहून उंच बसतात. ही उंची ६२ सेंटीमीटर धरू. आता त्याच वळणावर ताशी २७ किलोमीटर वेगालाच चाक उचलते. टपावरील कॅरिअरवर सामान चढवून उंची ७० सेंटीमीटर केली तर ही मर्यादा साडेपंचवीसवर येते. रिक्षेच्या वेगमापकाकडे पाहिले तर तीस आणि साडेपंचवीस यांत फारसा फरक दिसत नाही. परंतु रोज तीसच्या आतबाहेर वळण घेण्याची ज्या हाताला सवय आहे, त्याला आपल्या पायाखालची मर्यादा साडेचार किलोमीटरनी खाली आली आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. चाक उचलले जाते तेव्हाच ते कळते.

मोटार वेगात वळली तर ती बहुधा घसरते, रिक्षा मात्र उलटते. असे का? कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वाहनाच्या वजनाच्या साधारण ०.७ पट असते. बाजूने ढकलणारे बल त्याहून वाढले की वाहन घसरते. मोटारीचा पाया तिच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या मानाने इतका रुंद असतो की, उलटण्याची वेळ येण्यापूर्वीच ती घसरते. वरील उदाहरणात तिघे प्रवासी असताना रिक्षेचे गुणोत्तर ३९ भागिले ५५, म्हणजे ०.७१ आहे. ती अगदी काठावर आहे. पुढे दोघे बसल्यावर ते ०.५८ होते. म्हणजे टायर रस्ता सोडण्याआधीच रिक्षा कलंडणार. जी पकड आपणांस सुरक्षित ठेवील असे वाटते, तीच तेथे उलटवण्याचे साधन बनते. त्यात वळणावरच ब्रेक दाबला तर धोका आणखी वाढतो, कारण भार पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे झुकतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

याचा अर्थ तीन चाकांची रचना सदोष आहे असा नाही. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तशीच ही रचना स्वस्त, हलकी आणि अरुंद गल्लीत सहज वळणारी आहे. ज्या प्रमाणात आणि ज्या जागी भार धरून ती आखली गेली, त्या प्रमाणात व त्या जागी भार ठेवला तर ती वर्षानुवर्षे इमानाने सेवा करते. मागचे आसन मागच्या आसाजवळ आहे ते उगाच नाही. त्रिकोण तेथेच सर्वांत रुंद आहे.

चालकाच्या प्रश्नाचे उत्तर

त्या भल्या माणसाने विचारले होते, वजन तर तेवढेच ना? होय, वजन तेवढेच. पण पहारीला, पान्याला, कण्याला, तराजूला, बैलाच्या मानेला आणि रिक्षेच्या चाकाला केवळ वजनाची भाषा कळत नाही. त्यांना वजन आणि अंतर यांचा गुणाकार कळतो. माणूस मागून पुढे आला की गुणाकार बदलतो, आणि वळणावर रस्ता तोच गुणाकार मोजतो.

त्याच्यावर आम्ही दोषारोप करू इच्छित नाही. रिक्षेचा हप्ता, वाढलेले इंधन आणि पाळी सुटल्यावर घरी जाण्याची घाई झालेले कामगार यांच्या कात्रीत तो सापडलेला असतो. पुढे बसणारे तरुणही दहा-वीस रुपये वाचवण्यासाठीच तेथे बसतात. म्हणूनच ही गोष्ट चालकाइतकीच आपणा सर्वांची आहे. पुढची रिक्षा येईपर्यंत पाच मिनिटे थांबता येते. शाळेच्या रिक्षेत आपले मूल चालकाशेजारी बसते का, हे एकदा सकाळी उभे राहून पाहता येते. बसत असेल तर चालकदादांशी सौजन्याने बोलता येते आणि गरज पडल्यास चार पालकांनी मिळून दुसऱ्या खेपेचे पैसे वाटून घेता येतात. पाळी सुटण्याच्या वेळी पुरेशा बसगाड्या असाव्यात, अशी मागणी कामगारांना आपल्या व्यवस्थापनाकडे एकत्रितपणे करता येते.

पुन्हा वाळूजला जाणे झाले आणि तो चालक भेटला, तर आम्ही त्याला एवढेच म्हणू की, भाऊ, एकदा आपल्या रिक्षेच्या तीन चाकांभोवती खडूने रेघ ओढून पाहा. पुढचे टोक किती निमुळते आहे ते दिसेल. मग त्या टोकाजवळ कोणाच्या मुलाला बसवायचे, हे तूच ठरव.